मधला चौकोन

हलमध्ये, बेव्हर्ली रोडच्या एका तळघरात
मी दिवसभर लोकांची भीती आकड्यांत भरते.
खिडकीतून दिसतात फक्त जाणारे बूट
आणि या गावच्या फिकट टेलिफोन बूथचा पाया.

प्रश्न सोळा. सगळे हसण्याबद्दल.
मागे कुणी हसलं की मान वळते का?
हसं होईल म्हणून ओठांवरचं गिळता का?
दुसरा तोंडघशी पडला की आतून बरं वाटतं का?

पहिल्या गठ्ठ्यात प्रश्नापुढे पाच चौकोन.
पंधरा दिवसांनी, त्याच माणसांना, चार.
मधला काढून टाकलाय.
डॉक्टर थ्वेट म्हणतात, बघू या,
तिथे बसणारे आता कुठे जातात.

मला आठवतो स्टेशनसमोरचा बसस्टॉप.
कौन्सिलनं बाक उचलून नेला त्या आठवड्यात
काही म्हाताऱ्या उभ्या राहिल्या,
काही दुकानाच्या कट्ट्याला टेकल्या,
एक पिशवी घेऊन घरी परतली.

एकशे अठरा, बसचालक.
आधी सगळीकडे मधोमध, पाय पसरून.
आता उजवीकडे सरकलाय, एकच घर,
तेवढ्यानं त्याची सरासरी रेघ ओलांडून गेली
आणि तो भित्र्यांच्या रकान्यात पडला.
या पंधरा दिवसांत त्याला कुणी हसलंही नसेल.
नुसता बाक नेलाय.

तिसरा गठ्ठा हो किंवा नाहीचा.
तिथे सगळे शूर.
एका शाळकरी पोरानं सोळा वेळा नाही लिहिलंय,
इतकं दाबून, की कागद उलटा करून
मी बोट फिरवलं तर ते नाही
बोटाला लागलं.

थ्वेटबाईंनी विचारलं, तुमच्या भाषेत हे कसं म्हणाल?
मी फळ्यावर लिहिलं, हसू. त्याच्याखाली, हसं.
फरक काय?
एक उकार, एक टिंब.
आई म्हणायची, हसू आवर, हसं होईल,
दोन्ही एका दमात, परक्याच्या लग्नात,
माझ्या फ्रॉकची नाडी सुटलेली असताना.
बाईंनी वहीत टिपून घेतलं. टिंब लावायचं राहिलं.

मी आले तेव्हा, पहिल्याच महिन्यात,
चिप्सच्या दुकानात पॅटी मागितली
आणि व्हिनेगर म्हणाले, आमच्या व्ह नं.
काउंटरमागच्या दोघी फिस्सकन हसल्या.
मीही हसले, त्यांच्याहून मोठ्यानं, त्यांच्याआधी संपू न देता.
ते कुठल्या चौकोनात घालू?
चारात नाही. पाचातही नाही.
पॅटी गरम होती, हे आठवतं,
आणि पुढे वर्षभर मी फक्त मीठ मागितलं.

दोनशे सात. वय एक्क्याऐंशी.
हिनं दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकोनाच्या मध्ये
पेन्सिलीनं स्वतःचा एक काढलाय,
छापलेल्यांपेक्षा सरळ रेघांचा,
त्यात बरोबरची खूण,
आणि समासात बारीक अक्षरांत:
हसतंय कोण, त्यावर आहे, पोरी.

नियम स्पष्ट आहे.
चौकोनाबाहेरचं उत्तर म्हणजे नव्याण्णव,
नव्याण्णव म्हणजे उत्तर मिळालं नाही.
मी नऊ दाबला. थांबले.
पुन्हा नऊ.

वर फुटपाथवर कुणीतरी खदखदून हसलं.
चार बूट, एक कुत्रा, गळणारी छत्री.
त्यांना मी दिसतही नव्हते.
माझी मान वळली होती, हे मला
ते निघून गेल्यावर कळलं.

मग दोनशे आठ.